येतो

नव्या लॅपटॉपची रॅम बोर्डालाच डाग देऊन पक्की करणाऱ्या माणसाला एक दिवस माझ्या दुकानात आणून बसवायला हवं. गिऱ्हाईक समोर उभं, मशीन तीन वर्षांचं, दुखणं नखाएवढं आणि उपाय काय, तर नवीन घ्या. हे त्याने गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगून दाखवावं. मला सांगताना अजून लाज वाटते, आणि रत्नागिरीत नाचणे गावाच्या रस्त्याला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान घालून मला एकवीस वर्षं झाली.

अशी माझी बरीच मतं आहेत. चहाला आधण येण्याआधी कॉम्प्युटर सुरू झाला पाहिजे. साधं पत्र टाइप करायच्या प्रोग्रॅमला दरमहा भाडं लावणं ही लूट आहे. हल्ली प्रत्येक बटणात बुद्धी घालतात, पण ते बटण बंद करायची सोय ठेवण्याची अक्कल कुणाला नसते. जुने गेम चांगले होते, कारण ते आपल्याला हरवायचे. आताचे गेम रडक्या पोराची समजूत काढल्यासारखे आपल्याला जिंकवतात. आणि मारुती मंदिरच्या चौकात ज्या पुढाऱ्यांचे वाढदिवसाचे बॅनर लागतात, त्यांनी पक्षाचं चिन्ह खडूने काढावं, म्हणजे पुढच्या वर्षी पुसायला बरं.

ही मतं मी ब्लॉगवर लिहितो. वाचक अकरा. त्यातले निम्मे रोबो असावेत. एक मुंबईकडचा आहे, मी काही टाकलं की तासाभरात येऊन वाचून जातो, कधी एक अक्षर लिहीत नाही. तोही रोबोच, असं मी धरून चाललो होतो.

मतं लिहायची ती कुणीतरी भांडावं म्हणून. माझ्याशी मनापासून भांडणारा एकच माणूस होता, रितेश, आणि त्याने बोलणं टाकून दोन वर्षं होत आली होती. आई गेल्यापासून घरात मी एकटा. शेजारचं घर वर्षातले अकरा महिने बंद, त्यांचं सगळं मुंबईला. संध्याकाळी दुकान बंद करून आलो की बातम्या लावायच्या आणि टीव्हीला उलट उत्तरं द्यायची. टीव्ही काही बोलत नाही, म्हणजे तो आपलंच बोलत राहतो. मला रितेश परत हवा होता. हे मात्र मी ब्लॉगवर लिहिलं नव्हतं.

रितेश आमच्या आळीतला, दोन घरं सोडून, भाड्याच्या खोल्यांत. सहावीत असताना आम्ही दोघांनी मिळून व्हिडिओ गेमची एक कॅसेट घेतली. तिला कार्ट्रिज म्हणतात हे मला पंचविशीत कळलं. आमच्यासाठी ती कॅसेटच. वर चित्र भारी आणि आकडा ९९९९ गेम. खरे गेम चौदा. बाकी तेच, नावं बदलून पुन्हा. राजकारणावरची माझी सगळी मतं बहुतेक तिथूनच सुरू झाली.

कॅसेट एक आणि घरं दोन. माझे बाबा एसटीत होते, रात्रपाळी करून दुपारी झोपायचे आणि दारातून मारलेली हाक त्यांना खपायची नाही. म्हणून रितेशने एक शोध लावला. कॅसेट प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळायची आणि आमच्या पडवीतल्या लाकडी मीटरपेटीत, मीटरच्या मागे सारायची. ज्याने ठेवली त्याने बोलावलं. दुसऱ्याने ती उचलायची आणि ठेवणाऱ्याच्या घरी खेळायला जायचं. भांडण झालं असलं तरी हा नियम मोडायचा नाही. शॉक लागून मेलो नाही ही बाबांच्या मते देवाची कृपा आणि रितेशच्या मते कोरड्या हातांची.

आमचा आवडता गेम रणगाड्यांचा. दोघं एकाच बाजूने लढायचे. त्यात आपली गोळी चुकून आपल्याच जोडीदाराला लागली तर तो मरत नाही, नुसता जागच्या जागी लुकलुकत उभा राहतो. काही सेकंद. मग परत चालायला लागतो. मी रितेशला सारखी गोळी मारायचो, आणि दर वेळी म्हणायचो, चुकून.

पुढे तो पनवेलला नोकरीला लागला. खोल्या सोडल्या, आईवडिलांना तिकडे नेलं. गणपती त्यांचे मूळ गावी, संगमेश्वरकडे. पण दर वर्षी गावाहून परत जाताना तो दोन दिवस माझ्याकडे उतरायचा, आणि एरवी फोनवर रोज भांडण. मी लिनक्सवाला, तो विंडोजच्या खिडक्यांतला. कॅसेट त्याच्याकडे राहिली होती. मी ती मागितली नाही, कारण ती त्याच्याकडे असेपर्यंत त्याच्याकडून येणं बाकी होतं.

मग प्रकल्प आला. म्हणजे अजून आलेला नाही, गेलेलाही नाही. वरच्या सड्यावर, कातळाच्या पठारावर, काहीतरी मोठं होणार, एवढं सगळ्यांना ठाऊक. निम्मी रत्नागिरी म्हणाली हवा, निम्मी म्हणाली नको. मी नको म्हणणाऱ्यांतला. रितेश म्हणाला, हवा. पंचवीस वर्षांपूर्वी असं काही इथे असतं तर मला पनवेलला जावं लागलं नसतं, असं त्याने लिहिलं. आज वाटतं, ते भांडायचं वाक्य नव्हतं. पण मी तेव्हा भांडत होतो. मे महिन्यातली शुक्रवारची संध्याकाळ होती, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, आणि मी त्याला लिहिलं:

"तू गणपतीला आठ दिवस येणार, आरे-वारेच्या किनाऱ्यावर फोटो काढणार आणि आम्हाला विकास शिकवणार. चाकरमान्याला मत नसतं रे, सुट्टी असते."

वाक्य मला फार आवडलं. मी ते दोनदा वाचलं.

तिकडून टाइप करतोय, टाइप करतोय असं कितीतरी वेळ दिसत राहिलं. मला वाटलं, आता लांबलचक काहीतरी येणार, आणि मी बाह्या सरसावून बसलो. आला एकच शब्द.

"येतो."

आता, मराठी माणसाच्या कुठल्याही दारात निघणारा माणूस जातो म्हणत नाही. लहानपणी मी जातो म्हटलं की आई आतून ओरडायची, येतो म्हण. कायमचा निघालेला माणूससुद्धा येतो म्हणूनच उंबरा ओलांडतो. तेव्हा मी ते सरळ निरोप म्हणून वाचलं. चाळीस वर्षांची मैत्री आणि हा एका शब्दात गाशा गुंडाळतो. माझं डोकं फिरलं. मी त्याचा नंबर ब्लॉक केला, मेसेज बंद, फोन बंद, आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने दापोलीला बहिणीकडे निघून गेलो. तिथे दोन दिवस आमरस खाल्ला आणि मृणालीला रितेश कसा पहिल्यापासून तसलाच होता ते सांगितलं. ती म्हणाली, "दादा, तो तसला नाहीये, तू तसला आहेस. फोन कर त्याला."

मी केला नाही. आठ दिवसांनी ब्लॉक तेवढा काढला. म्हटलं, त्याचा आला तर बघू. त्याचा आला नाही. गणपती आले आणि गेले, तो उतरला नाही. पुढच्या वर्षीही नाही. रोज सकाळी फोन उघडायचा, खाली त्याचं नाव शोधायचं, तो शेवटचा शब्द बघायचा आणि बंद करायचा. हा माझा नेम झाला होता.

परवा गुरुवारी सकाळी अकराला वीज कंपनीचा फिटर नवा स्मार्ट मीटर बसवायला आला. बाळा त्याचं नाव, पंचविशीतला, कमरेला पक्कड. ह्या मीटरविषयी माझं मत ब्लॉगवर तीन भागांत आहे. मी त्याच्यासाठी हरकतींचा कागद छापून ठेवला होता, सतरा मुद्दे. खरं सांगायचं तर मी त्याची वाटच बघत होतो. बऱ्याच दिवसांनी कुणीतरी घरी येणार होतं.

"हा मीटर आमच्या घरातली माहिती कुणाला पाठवणार, ते आधी सांगा," मी म्हटलं.

"काका, मी फिटर. भांडायचा आसंल तर हापिसात जावा," बाळा म्हणाला. "मला पेटी तरी उघडू द्या."

पेटीची खिट्टी गंजली होती. रीडिंगवाला काचेतूनच फोटो काढून जातो, त्यामुळे ती कितीतरी वर्षांत कुणी उघडली नव्हती, असं मला वाटत होतं. बाळाने पकडीने खिट्टी सरकवली, जुन्या मीटरचे स्क्रू काढले, मीटर पुढे ओढला आणि थांबला.

"ह्यात काय ठेवलाव तुमी? मीटरच्या मागं प्लास्टिक? आग लागली आसती म्हंजे?"

त्याने एक पिशवी काढून माझ्या हातात दिली. दुधाची पिशवी, धुऊन वाळवलेली, रबर लावलेलं. आत कॅसेट होती. ९९९९ चा शेवटचा नऊ निघालेला, तो मीच नखाने काढला होता. आणि एका कागदी पाकिटाचा फाडलेला तुकडा, त्यावर रितेशचं किरटं अक्षर.

*ओम्या, शनिवार. काल लिहिलं तसा आलो. कुलूप आहे. फोन लागत नाही. हे फोनवर भांडायचं नव्हतं. सकाळपासून बसलोय, आता पाच वाजले, गाडी आहे. तुझी कॅसेट ठेवली. आता तू ये.*

मी पडवीच्या पायरीवर बसलो. ह्याच पायरीवर तो बसला असणार, मे महिन्याच्या उन्हात, दिवसभर, शेजारचं घर बंद, पाणी विचारायला कुणी नाही. रात्रीच्या गाडीने उभ्याने आला असेल, आयत्या वेळी रिझर्वेशन कुठलं मिळायला. तो निरोप घेत नव्हता. तो पनवेलहून येत होता. त्याने मला साध्या मराठीत सांगितलं होतं आणि मला मराठी कळली नाही.

पण त्याहून वाईट दुसरंच होतं, ते जरा वेळाने डोक्यात शिरलं. नियमाप्रमाणे त्याने कॅसेट ठेवली होती, म्हणजे बोलावलं होतं. पाळी माझी होती. दोन वर्षं तो पनवेलला बसून समजत होता की मी पेटी उघडली, कॅसेट घेतली आणि आलो नाही. माझ्यावर चिडून तो गप्प बसला नव्हता. तो वाट बघत होता, ब्लॉगवर गुपचूप येऊन जाणारा तो मुंबईकडचा वाचकही बहुधा तोच, आणि वाट बघून बघून कधीतरी सोडून दिली असेल. मला रडू आलं. बाळासमोर आलं, त्याला माझा इलाज नव्हता.

बाळाने काढलेले स्क्रू खिशात टाकले. मग हळूच म्हणाला, "काका, मीटर बसवू का नको?"

"बसव," मी म्हटलं.

सतरा मुद्द्यांचा कागद तिथेच पडला होता. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर बाळाने जुन्या मीटरचं रीडिंग टिपून घेतलं, माझी सही घेतली आणि अर्ध्या तासात तो गेला. जाताना म्हणाला, "येतो."

मग मी फळीवरून जुनं खोकं काढलं, त्यातला गेमचा डबा काढला. कॅसेटच्या तोंडाला थोडा हिरवट गंज चढला होता. मी गिऱ्हाइकांना नेहमी ओरडतो, फुंकू नका, तोंडाच्या वाफेने आतलं तांबं गंजतं, स्पिरिटने पुसा. मी कॅसेट तोंडाशी धरली आणि जोरात फुंकली, एकदा ह्या टोकाकडून, एकदा त्या टोकाकडून. गेम लावला नाही. त्याला दोघं लागतात.

फोन घेतला. त्याच्या नावाखाली तो शब्द तसाच होता. मी लिहायला लागलो. मीटरचं लिहिलं, दापोलीचं लिहिलं, ब्लॉकचं लिहिलं, प्रकल्पाविषयी माझं मत काय आहे आणि ते थोडं कसं बदललंय तेही लिहिलं. स्क्रीनभर झालं. वाचलं तर त्यात मी स्वतःचीच बाजू मांडत होतो. सगळं पुसलं. चाकरमान्याचं ते वाक्य वर दिसत होतं. एवढंच लिहिलं, "कॅसेट आज मिळाली. चुकलो." आणि त्याखाली, "येतो."

पाठवल्यावर लक्षात आलं. त्याने माझ्यासारखंच वाचलं तर? दोन वर्षांनी मी पेटी उघडली आणि तोंडदेखला निरोप घेतला, असं त्याला वाटलं तर? खाली खुलासा लिहायला घेतला, की हे ते येतो नाही, खरंखुरं, गाडीने, पिशवी घेऊन. तेवढ्यात मेसेजखालच्या दोन्ही खुणा निळ्या झाल्या, म्हणजे त्याने वाचलं. वर टाइप करतोय असं दिसलं. थांबलं. पुन्हा दिसलं. मी पायरीवरून उठलो आणि पुन्हा बसलो.

त्याचं उत्तर आलं.

"कधी?"

दोन वर्षांपूर्वी मला हा एवढा एक शब्द विचारायला सुचला नव्हता. मी शनिवारच्या गाड्या बघायला घेतल्या.