माझ्या वाळूवरचा वणवा

मित्रांनो, वय झालंय माझं, पण ऐट अजून गेलेली नाही. मी वाळूची पेटी. अग्निशमन केंद्रातली वाळू म्हणजे आगीवर ओतायची, असं तुम्हाला वाटेल. छे! माझी चिमूटभर वाळूसुद्धा कधी आगीवर पडलेली नाही. उलट वणवेच माझ्यावर लागतात, तेही सकाळचा चहा झाल्यावर.

एका सुताराने मोडक्या दारांच्या फळ्या जोडून मला बनवलं आणि चार भक्कम पाय दिले. इथल्या जुन्या प्रशिक्षकांनी, ज्यांना सगळे मास्तर म्हणतात, वाळू स्वतः चाळून माझ्यात भरली. पाणी शिंपडलं की तिचे डोंगर उभे राहतात, बोट फिरवलं की नाला होतो. लाल लोकर म्हणजे आग. निळी दोरी म्हणजे जाळरेषा, गवत खरवडून केलेला मोकळा पट्टा, जिथे आगीला खायला काही मिळत नाही. शिवाय एक खेळण्यातला बंब आणि माणसं म्हणून शर्टाची बटणं. एवढ्या संसारावर कितीतरी जवान वणवा हाताळायला शिकले.

मध्यंतरी वर्गात मोठा पडदा आला आणि माझी रवानगी अडगळीच्या खोलीत झाली. अंगावर फुटकी हेल्मेटं साचली. एका मांजरीने माझ्या वाळूचा जो उपयोग केला, तो मी सांगणार नाही. फार वाईट वाटायचं हो! पुढे पडदा बिघडला, मास्तरांनी मला धुऊनपुसून बाहेर काढलं, आणि तेव्हाच माझी तुफानशी गाठ पडली.

तुफान हे तिचं खरं नाव नव्हे. आगीचं नाव काढताच सगळ्यांच्या आधी धावत सुटणारी म्हणून पडलेलं. तिला तुकडीची प्रमुख व्हायचं होतं, पण परीक्षेत ती दोनदा नापास झाली होती. या वेळी जमलं नाही तर बाहेरून कुणीतरी प्रमुख येणार होता. तुकडीला तर तीच हवी होती.

तिची चूक एकच. मास्तरांनी लोकर पसरली, की ही बंब उचलायची.

“मीच जाते!”

“जा की,” मास्तर म्हणायचे आणि लोकर हळूच दोन बटणांच्या मागे सरकवायचे. “आता या दोघांकडे कोण बघणार? तू तर पाइप धरून बसलीस.”

मग तिने युक्ती काढली. दोन्ही हात पाठीमागे पट्ट्यात खोचायचे आणि फक्त बोलायचं. दुपारच्या सुट्टीत ती माझ्यापाशी सराव करी. बंब चालवणारे काका वारा व्हायचे. गाल फुगवून अशी फुंकर मारायचे की माझी वाळू तुफानच्या जेवणाच्या डब्यात.

“काका, वारा आहात की वादळ?”

“तू खा गं, दातांना व्यायाम!”

परीक्षेच्या दिवशी परीक्षा घ्यायला मुख्यालयातल्या मोठ्या बाई येऊन बसल्या. मास्तरांनी लोकर हातात घेतली आणि तेवढ्यात वायरलेस खरखरला. मागच्या उतारावरचं गवत खरंच पेटलं होतं. मास्तरांनी लोकर खिशात कोंबली.

“चला. पेपर तिकडेच.”

मला खिडकीतून सगळं दिसत होतं आणि वायरलेसवर ऐकू येत होतं. तुफान उंचवट्यावर थांबली. आधी एकाला आगीवर नजर ठेवायला खडकावर बसवलं. मग म्हणाली, “वारा फिरला तर हातातलं टाकून नाल्यात यायचं. कळलं?” त्यानंतरच तिने गवत खरवडायला लावलं.

सगळं नीट चाललं होतं. अचानक पाइप एका दगडात अडकला, अगदी तिच्यापासून हाकेवर. तिने पाऊल उचललं. माझा तर जीव टांगणीला लागला! तिने एकदा वर, झाडांच्या शेंड्यांकडे पाहिलं आणि पाऊल मागे घेतलं.

“पाइप राहू दे! वारा फिरतोय. सगळे नाल्यात, आत्ता!”

माणसं नाल्यात उतरली आणि ज्वाळा त्यांच्या आधीच्या जागेवरून सरसरत गेल्या. पण जाळरेषा तोवर तयार झाली होती. तिथे येऊन आग उपाशी बसली. मग सगळे पुन्हा वर गेले आणि निखारे विझवून आले.

वर्गात परतले तेव्हा सगळ्यांची तोंडं काळी झाली होती आणि हसू मावत नव्हतं. मोठ्या बाईंनी तुफानचा हात हातात घेतला. “प्रमुखबाई, अभिनंदन!” काकांनी तर माझ्यावरच ठेका धरला.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना फारसं काही लागत नाही. मला रोज थोडं पाणी शिंपडा आणि वरचं झाकण तेवढं लावत जा. आणि शिकताना चुका मनसोक्त करा, माझ्यावरच करा. माझी बटणं कितीदा जळली, पुन्हा उचलून ठेवली. उतारावरच्या माणसांचं तसं नसतं. त्या संध्याकाळी तुफानची माणसं सगळीच्या सगळी आपापल्या घरी जेवायला गेली.