चौथीचा शेरा

२०२३ सालची ही गोष्ट. मित्रांनो, मी एक जुने प्रगतिपुस्तक आहे, वर्ध्याच्या एका शाळेतले, इयत्ता चौथीचे. तेव्हा मला लीलाबाईंच्या लोखंडी पेटीत, लुगड्यांच्या तळाशी, कोंडून एकोणतीस वर्षे झाली होती.

माझ्यावर गुरुजींनी सुरेख अक्षरात शेरा लिहिला होता : ‘अंजू हुशार आहे, पण जागेवर बसत नाही. सांगितलेले लगेच विसरते. यंदा तीन कंपासपेट्या हरवल्या.’ तो वाचून लीलाबाईंनी लेकीला छडीने मारले आणि मला पेटीत टाकले.

आत डांबरगोळ्यांचा वास आणि अंधार. बाहेरचे मात्र ऐकू यायचे. अंजू मोठी झाली, कचेरीत कारकून झाली. फायली अर्धवट राहत, दूध उतू जाई. साहेबांची तिसरी नोटीस आली, तेव्हा ती एकटीच डॉक्टरांकडे गेली. परत आल्यावर तिचा आवाज ऐकला.

“मा, माह्यं चौथीचं प्रगतिपुस्तक कुठी आहे?”

“काऊन? आता पाचवीत नाव टाकतं का?”

“डॉक्टरीणबाईले दाखवाचं हाय. मले एडीएचडी, म्हंजे एका जागी लक्ष न टिकाचा त्रास, आहे का, ते तपासून राह्यल्या. लहानपणापासून असंच होतं का, हे त्याहिले समजलं पाह्यजे. सोमवारी तूबी चाल.”

“चाळिशीत डोक्याचा डॉक्टर! लोकं काय म्हणतीन? अन् ते पुस्तक तं कवाचंच चुलीत गेलं.”

मी हातभर अंतरावर होतो! पण कागदाला हाक मारता येत नाही. अंजूची पावले दूर गेली. मी तसाच दबून पडलो.

सोमवारी सकाळी पेटी उघडली. लीलाबाईंनी मला घाईने पिशवीत कोंबले आणि त्या अंजूशेजारी ऑटोत बसल्या. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले, “आजी, ही लहानपणी कशी होती?”

पिशवीचे बंद लीलाबाईंच्या मुठीत आवळलेले. शेवटी त्यांनी मला टेबलावर ठेवले.

“वाचा. याच्यापायी मी इले मारलं होतं. माह्यी पोरगी आळशी नव्हती, नाई का?”

“नव्हती, आजी.”

अंजूने आईकडे पाहिले नाही. तिने नुसता माझ्या पुठ्ठ्यावरून हात फिरवला.

आणखी दोन खेपांत तपासणी पूर्ण झाली. त्रास एडीएचडीचाच निघाला. गोळी आणि समुपदेशन सुरू झाले. अंजूची नोकरी टिकली. छत्र्या अजून हरवतात. गुरुजींना हे कळले नाही; ते आधीच वारले होते. लीलाबाई शेजारच्या कौशल्याबाईंना आता स्वतःच सांगतात, “माह्या अंजूचं औषध चालू हाय.” मी अंजूच्या दवाखान्याच्या फायलीत आहे. चिमटा जरा रुततो.

मित्रांनो, घरात कुणी असे धडपडत असेल, तर त्याला नावे ठेवू नका. कितीही वय झालेले असो, त्याच्यासोबत डॉक्टरांकडे जा.