ताणकाटा लिफ्टमध्ये चढतो

मी एक जुना ताणकाटा आहे. मित्रांनो, हे वाक्य जमिनीवर उभे राहून वाचा. लिफ्टमध्ये असाल तर आधी बाहेर या. मी तेवढा वेळ थांबतो.

आलात? बरे झाले.

माझा चेहरा घड्याळासारखा गोल आहे, पण त्यावर तास नाहीत, किलो आहेत. डोक्यावर कडी, खाली हूक आणि पोटात एक स्प्रिंग. हुकाला ओझे टांगले की स्प्रिंग ताणली जाते आणि तिच्याबरोबर सुई फिरते. एवढेच माझे शिक्षण. तुमच्या शाळेत मला ताणकाटा म्हणतात. रद्दीवाले नुसते काटा म्हणतात.

भोसरीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये माझा जन्म झाला. शेजारी प्रेस मशीन दिवसभर आदळत असे, त्यामुळे जगात शांतता नावाची काही गोष्ट असते हे मला फार उशिरा कळले. माझी स्प्रिंग तापवली, तेलात बुडवली. मग ठाऊक असलेली वजने माझ्यावर टांगून पाहिली. सुई जिथे थांबायला हवी तिथेच थांबली. तपासणाऱ्याने मान डोलावली. काट्याच्या आयुष्यात याहून मोठे कौतुक नसते.

नंतर शफीभाईंनी मला विकत घेतले. नेहरूनगरात त्यांचे रद्दी-भंगाराचे दुकान आहे. सकाळी ते हातगाडी घेऊन संत तुकाराम नगरातल्या सोसायट्या फिरत आणि मी गाडीच्या दांडीला लटकून झोके खात जाई. वर्तमानपत्रे, वह्या, खोकी, एकदा तर एक अख्खा सोफा. सगळ्यांना मी सारखीच वागणूक दिली.

मुले मध्येच विचारतात: तू वजन कसे ओळखतोस?

ओळखत नाही. मला फक्त ओढ कळते. कोण ओढते आणि कशासाठी ओढते, हे मला दिसत नाही. पोटात स्प्रिंग असणाऱ्याला डोळे नसतात.

आता ज्या दिवशी माझे तोंड रंगले, त्या दिवसाकडे येतो.

शफीभाईंचा खांदा दुखू लागला होता. भरलेला गठ्ठा एका हाताने टांगून धरणे त्यांना जमेना. एका सोसायटीच्या जुन्या लिफ्टमध्ये छताला हूक होता. कधीकाळी तिथे पंखा होता, तो गेला, हूक उरला. शफीभाईंना युक्ती सुचली. गठ्ठा खाली न्यायचाच आहे, तर मला त्या हुकाला अडकवायचे आणि लिफ्ट उतरता उतरता वजन करून टाकायचे. खांदा वाचतो आणि वेळही वाचतो. अनेक महिने हे बिनबोभाट चालले, कारण शफीभाई लिफ्ट थांबल्यावरच सुईकडे बघत.

दिवाळीआधीच्या साफसफाईत सहाव्या मजल्यावरच्या दौलतरावांनी रद्दी काढली. दौलतराव त्या सोसायटीचे सेक्रेटरी. आयुष्यभर गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत ते तपासणी विभागात होते. निवृत्त झाले तरी हात तसाच राहिला. पोळीचीसुद्धा जाडी ते बोटाने तपासत. लिफ्टमध्ये त्यांच्याबरोबर त्यांची सून योगिनीही होती. ती निगडीच्या एका शाळेत विज्ञान शिकवते आणि शाळेलाच निघाली होती.

“शफीभाई, घरच्या काट्यावर वीस भरलंय. बघू तुमचा काय म्हणतो,” दौलतराव म्हणाले.

“बघा की साहेब. बोलणारा तो. मी नुसता हमाल.”

लिफ्ट हिसका देऊन खाली निघाली. माझी सुई साडेअठरावर गेली.

“साडेअठरा?”

“थांबा साहेब, थांबा. हा बघा, आला वीसवर.”

आलोच होतो. लिफ्ट एका वेगाने उतरत होती तोवर मी वीसवर ठाम होतो. पण तळमजला जवळ आला, लिफ्टने ब्रेक धरला आणि सुई साडेएकवीसवर चढली.

दौलतरावांनी चष्मा काढला. “शफीभाई, हा काटा आहे का शेअर बाजार?”

शफीभाईंनी गठ्ठा हाताने स्थिर धरून पाहिला. त्यांनीही सुई पाहिली होती.

“माल एक, रीडिंग तीन. आमच्या कंपनीत असलं मापाचं गेज पाच मिनिटं टिकलं नसतं.”

कंपनीत नापास मालाला लाल रंग लावतात, म्हणजे तो चुकून पुन्हा चांगल्या मालात मिसळत नाही. योगिनी तोवर शाळेच्या घाईत निघून गेली होती. दौलतरावांच्या पार्किंगमधल्या कपाटात लाल रंगाचा डबा होताच. त्यांनी माझ्या चेहऱ्यावर एक आडवा पट्टा ओढला, अगदी सावकाश, कडेला न सांडता.

“राग धरू नका. पण हा काटा घेऊन गेटच्या आत यायचं नाही.”

मग त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर ‘शफीभाईंचा काटा खोटा आहे’ असा मेसेज टाकला. तो शेजारच्या सोसायट्यांतही पोचला. मेसेजला स्प्रिंग नसते, त्यामुळे तो कुठवर ताणला जाईल याला मर्यादाच नाही.

दुकानात परत आल्यावर शफीभाईंनी मला भंगाराच्या ढिगाशेजारी ठेवले. त्यांच्या पत्नी रहिमाबी आतून आल्या.

“अजी, एवढी वर्षं ह्याच काट्यानं लोकांना माप दिलं तुम्ही. आता हा खोटा, तर तुम्ही कोण?”

“तेच विचारतोय मी स्वतःला.”

“चहा घ्या आधी. उत्तर येईल मागून.”

“उद्या ह्याला लोखंडात टाकतो,” शफीभाई म्हणाले.

मित्रांनो, लोखंडात टाकणे म्हणजे वितळवणे. मला भीती वाटलीच. पण त्याहून जास्त वाईट याचे वाटले की शफीभाईंनी आयुष्यात कमावलेला शब्द माझ्याबरोबर त्या ढिगात चालला होता.

(इथे सुई थरथरते. जरा थांबतो.)

दुसऱ्या दिवशी दुपारी योगिनी दुकानात आली.

“शफीभाई, काटा आहे का अजून?”

“आहे वहिनी, रंगासकट. भंगारातच निघालाय.”

“भंगारात नाही, परीक्षेला न्यायचाय. तुम्हीही चला.”

“मला गेटवर अडवतील.”

“अडवू द्या. अडवणाऱ्याच्या घरात माझं माहेर नाही, सासर आहे. माझ्या शब्दाला वजन आहे तिथं.”

रहिमाबी हसल्या. “ते वजन कुठल्या काट्यावर केलं?”

पार्किंगमध्ये तोच वीस किलोचा गठ्ठा अजून पडला होता. दौलतराव खाली आले आणि मला बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“योगिनी, रिजेक्ट झालेला माल परत लाइनवर आणायचा नसतो.”

“खरं आहे, बाबा. आणि पूर्ण तपासणी न करता रिजेक्ट करायचा असतो का?”

तपासणी खात्यातल्या माणसाला तपासणी नाकारता येत नाही. दौलतरावांनी बाह्या सरसावल्या. पार्किंगच्या पाइपाला त्यांनी मला टांगले, गठ्ठा लावला, काढला, पुन्हा लावला. वीस. पुन्हा वीस. मला दुसऱ्या पाइपाला टांगले, तरी वीस. त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू मी कॉपी करून पास झालो होतो.

“आता लिफ्टमध्ये,” योगिनी म्हणाली.

वर निघताना साडेएकवीस. मधल्या मजल्यांवर वीस. सहाव्यावर थांबताना साडेअठरा. खाली येताना बरोबर उलटे. दौलतराव पुन्हा वर गेले, पुन्हा खाली आले. दर वेळी तेच. लिफ्टसाठी थांबलेल्या सुभद्राबाई तिसऱ्या मजल्यावरून ओरडल्या, “अहो दौलतराव, लिफ्ट आहे का पाळणा?”

खाली आल्यावर दौलतरावांनी गठ्ठा उतरवून ठेवला. मग म्हणाले, “खराब गेज दर वेळी वेगळं खोटं बोलतं. हा दर वेळी तेच बोलतोय. म्हणजे दोष काट्यात नाही.”

“मग कुठं आहे?” शफीभाईंनी विचारले.

“लिफ्टच्या हिसक्यात. वर निघताना लिफ्ट गठ्ठ्याला वर ढकलते, काट्याला जास्त ओढ लागते. खाली निघताना पायाखालून जमीन काढून घेते, तर कमी. थांबताना बरोबर उलटं. मला हे कळायला हवं होतं राव. रोज ह्याच लिफ्टमध्ये पोटात गोळा येतो माझ्या.”

योगिनी म्हणाली, “आणि गंमत म्हणजे, बाबा, काट्याला डोळे बांधून विचारलं की तुला पृथ्वी ओढतेय का लिफ्ट ढकलतेय, तर त्याला सांगता येत नाही. त्यालाच कशाला, बंद डब्यात तुम्हालाही सांगता येणार नाही. अंतराळात पृथ्वीपासून दूर एखादं यान पडत्या वस्तूचा वाढतो तेवढ्याच झपाट्यानं सतत वेग वाढवत राहिलं, तर आत हाच काटा हेच वीस दाखवेल. सापेक्षतेचा मोठा सिद्धांत ह्या एका साध्या गोष्टीवरून निघालाय.”

शफीभाई विचार करत होते. “वहिनी, आणि लिफ्टची दोरी तुटली तर?”

“लिफ्ट, गठ्ठा, काटा सगळं एकत्र पडेल. कुणीच कुणाला ओढणार नाही. सुई शून्यावर.”

“म्हणजे रद्दी फुकट.”

दौलतराव इतके हसले की त्यांना भिंत धरावी लागली. हसू ओसरल्यावर मात्र ते गंभीर झाले. “शफीभाई, काट्याची परीक्षा झाली. माझा मेसेज अजून बाहेर फिरतोय. त्याचं काय करायचं?”

रविवारी त्यांनी सगळ्यांना लिफ्टपाशी बोलावले. मला हुकाला टांगले आणि चार-चार जणांना वर-खाली नेले. रांग लागली. रांगेत उभा राहिला की माणूस प्रश्न विचारतोच, आणि उत्तर द्यायला योगिनी दाराशीच उभी होती.

लिफ्टमध्ये टॉर्च लावून वर गेलो, तर प्रकाश जास्त जोरात पळतो का?

नाही. टॉर्च उभी असो की पळत असो, प्रकाशाचा वेग तोच मोजला जातो. प्रकाश हट्ट सोडत नाही, म्हणून घड्याळांना नमते घ्यावे लागते. भरधाव जाणारे घड्याळ उभ्या घड्याळाच्या तुलनेत सावकाश चालते.

हे ऐकून समाधान पुढे आला. समाधान म्हणजे दौलतरावांचा मुलगा, योगिनीचा नवरा. तो चाकणला कंपनीत जातो. “म्हणजे मी रोज कंपनीच्या बसने जातो, तर मी तुझ्यापेक्षा तरुण राहणार?”

“अगदी कणभर. पण त्यासाठी बस हलायला लागते,” योगिनी म्हणाली. “चाकणच्या चौकात तुमची बस उभीच असते.”

सुभद्राबाईंनी ऐकले होते की उंचावर वेळ वेगळी चालते. तेही खरे आहे. पृथ्वीपासून जितके दूर, तितके घड्याळ जरा जलद.

“म्हणजे मी तिसऱ्या मजल्यावर राहून तळमजल्यावाल्यांपेक्षा लवकर म्हातारी झाले?”

“झालात, काकू. पण अख्ख्या आयुष्यात पापणी लवायला लागतो त्याहूनही कितीतरी कमी.”

“कमी असो. मेन्टेनन्समध्ये सूट पाहिजे.”

हे सगळे खरे कशावरून? असे एका मुलीने विचारले. समाधानने खिशातून मोबाईल काढला आणि नकाशा दाखवला. ज्या उपग्रहांवरून हा नकाशा आपली जागा ओळखतो, त्यांची घड्याळे वेगामुळे थोडी मागे पडतात आणि उंचीमुळे त्याहून जास्त पुढे जातात. तो फरक हिशेबात धरला नाही, तर बस चाकणला पोचेल आणि नकाशा तिला भलत्याच गावात दाखवेल.

मग खरे वजन कुठले? खरी वेळ कुठली? हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा आला. माझे उत्तर असे. मी लिफ्टमध्ये साडेअठरा म्हणालो तेव्हाही खोटे बोललो नाही. मला तेवढीच ओढ लागली होती. फक्त माझे म्हणणे ऐकताना मी कुठे होतो आणि काय होत होते, तेही सोबत ऐकायला हवे होते.

संध्याकाळी गर्दी पांगली. शफीभाईंनी मला उतरवून गाडीच्या दांडीला लावायला हात पुढे केला. दौलतरावांनी मला स्वतःच घेतले आणि खांद्यावर टाकले.

“साहेब, कुठं निघालात?”

“मेसेज जिथं जिथं गेला तिथं. ग्रुपवर माफी टाकली तर लोक अंगठा दाखवतात आणि विसरतात. गेटवर जाऊन सांगतो.”

“अहो, पायात चप्पल आहे घरातली.”

“चालते.”

आणि मित्रांनो, पुढे दौलतराव, मागे हातगाडी ओढणारे शफीभाई, अशी ती वरात एकेका सोसायटीच्या गेटपाशी थांबत गेली. प्रत्येक ठिकाणी दौलतराव तेच वाक्य बोलले. “काटा बरोबर आहे. मी बघण्यात चुकलो.” दुसऱ्या गेटवर त्यांचा आवाज जरा अडखळला. तिसऱ्यावर सरळ झाला.

शेवटच्या गेटवरचा वॉचमन नवा होता. त्याने माझ्या तोंडावरचा लाल पट्टा पाहिला आणि शंका घेतली. “साहेब, ह्याच्यावर तर रिजेक्टचा रंग आहे.”

“तो रंग मी लावलाय,” दौलतराव म्हणाले. “खात्री नसेल तर काहीतरी टांगून बघा.”

वॉचमनने इकडेतिकडे पाहिले आणि आपली डब्याची पिशवी माझ्या हुकाला लावली. त्याच्या हाताच्या अंदाजाला पटेल तेवढेच मी दाखवले. तो हसला. त्याने रजिस्टर बाजूला सारले आणि गेट उघडले.

मित्रांनो, माझ्यासारख्या काट्यांना पावसात टांगून ठेवू नका, झेपेल त्याहून जड काही लावू नका, वर्षातून एकदा स्प्रिंगला थोडे तेल द्या. आणि एखाद्याला खोटा म्हणण्याआधी त्याच्याबरोबर लिफ्टमध्ये एक फेरी मारा. शफीभाई मला दांडीला लावून गाडी घेऊन आत गेले आणि त्यांनी नेहमीसारखी हाक दिली. वरच्या एका गॅलरीतून कुणीतरी म्हणाले, “थांबा, आले.” मी वाट बघत लटकलो आहे.