थोरलीच्या घरी कचरा नव्हता

घरात कचरा नाही म्हणून कुणाची फजिती झालेली ऐकलीय कधी? थोरलीची झाली, आणि तीही चारचौघांत.

थोरली म्हणजे दोन जावांमधली मोठी. एकाच जिन्यावर समोरासमोर दोन दारं, एक हिचं आणि एक धाकट्या जावेचं. सगळ्या नात्यागोत्यात थोरलीला तीस वर्षं एकच पदवी होती, चिकट. साबणाचा उरलेला तुकडा नव्या वडीला चिकटवायची, आलेली पाकिटं उलटून त्यांच्या पाठीवर सामानाच्या याद्या लिहायची. धाकटी म्हणायची, "आमच्या वहिनींचा केससुद्धा गळत नाही. गळला तर परत लावतील!" सगळे हसायचे. थोरलीही हसायची, पण आत टोचायचंच.

म्हणून वाचनालयाच्या जिन्यापाशी 'टाकाऊतून टिकाऊ' वर्गाची पाटी दिसली तेव्हा तिला वाटलं, चला, आले आपले दिवस! शेवटच्या शनिवारी जी वस्तू निवडली जाईल ती वर्षभर दारातल्या काचेच्या कपाटात राहणार होती, शेजारी कार्डावर करणाऱ्याचं नाव. थोरलीनं ते कपाट दोनदा निरखून पाहिलं. तिथे नाव लागलं म्हणजे चिकटपणाचा डाग पुसला गेला असता. सगळ्या नातेवाइकांना एकेक करून पुस्तक बदलायला पाठवायचं, हेसुद्धा तिनं मनात ठरवून टाकलं.

पहिल्याच दिवशी घरातल्या टाकून द्यायच्या तीन वस्तू न्यायच्या होत्या. थोरलीनं घर पालथं घातलं. जुन्या सदऱ्याचं फडकं झालेलं, फडक्याचं पायपुसणं झालेलं, आणि पायपुसणं अजून चांगलं होतं. बाटल्यांत डाळी होत्या. जुन्या ब्रशनं नवरा कंगवे साफ करायचा.

"अहो, तुमची ती जुनी पँट कुठाय?"

"अंगात आहे," नवरा पेपरामागून म्हणाला.

झालं! थोरली हात हलवत वर्गात गेली. धाकटी नुसती सोबत म्हणून आली होती, ती आली गोणभर कचरा घेऊन. शिकवणारी पोरगी हरखली. "अगंबाई, केवढं हे साहित्य!" मग थोरलीकडे वळून हळूच म्हणाली, "काकू, पुढच्या वेळी जरा मनावर घ्या हं." साठीच्या बाईला गृहपाठ न केल्याबद्दल बोलणी बसली. कुणामुळे? तर जिनं आयुष्यात तुटलेलं बटण कधी शिवलं नाही तिच्यामुळे! धाकटी तर दुसऱ्या आठवड्यापासून यायचीही बंद झाली. कंटाळा आला म्हणे.

आता चोरी हा शब्द मोठा आहे. धाकटीचा कचऱ्याचा डबा दाराबाहेर असायचा आणि दुपारी तिचं दार बंद असायचं, एवढंच. मांजर डोळे मिटून दूध पितं, तशी थोरली इकडेतिकडे न बघता डब्याचं झाकण उचलायची. जग बघत नाही अशी तिची पक्की खात्री होती.

आणि काय काय मिळायचं! पहिल्या दिवशी कागद आणि सालं. दुसऱ्या दिवसापासून मात्र डब्याचं नशीबच उघडलं. झाकणासकट बरण्या, त्याही घासलेल्या. वर्तमानपत्रात गुंडाळलेली दिराची पँट, इस्त्रीची घडी न मोडलेली. निळ्या फुलांचा अख्खा पडदा.

"इस्त्री करून फेकते!" थोरली नवऱ्यापाशी फणफणली. "माज, दुसरं काय?"

"मग परत नेऊन दे की."

"वेडे आहात का तुम्ही?"

वर्गात मात्र ती मन लावून शिकत होती. आधी उसवायला शिका, मग कापायला, ही शिकवणाऱ्या पोरीची पहिली अट. कापड उजेडासमोर धरून विरलेली जागा शोधायची आणि ती सोडून कापायचं. थोरलीनं पँटच्या दोन पायांची पिशवी केली, आत पडद्याचं अस्तर घातलं, कमरपट्टीचा खांद्याला अडकवायचा पट्टा केला. मागचा खिसा तसाच ठेवला, किल्लीला. चार वेळा उसवली, पाचव्यांदा जमली. आपल्याच हातचं काम बघून ती एकटीच स्वयंपाकघरात हसली.

शेवटच्या शनिवारी हॉल भरला. धाकटी दिराला घेऊन पुढच्याच रांगेत येऊन बसली. थोरली पटकन मागच्या रांगेत सरकली, पण तेवढ्यात पोरीनं पिशवी उंच धरून सांगितलं, "कपाटात ही जाणार!" टाळ्या झाल्या. दीर पिशवीकडे टक लावून म्हणाला, "अशीच एक पँट माझी होती गं." धाकटीनं त्याला कोपरानं ढोसलं.

"काकू, कार्डावर नाव लिहिलं," पोरगी पेन सरसावून म्हणाली. "साहित्य कुठून आलं, तेही लिहायचंय. घरातलंच ना?"

हो म्हणायला काय जात होतं? पण ते खोटं काचेमागे वर्षभर बसलं असतं आणि पुस्तक बदलताना दर आठवड्याला तिच्याकडे बघत राहिलं असतं. कपाट हातचं जाणार, हे तिला कळत होतं.

"घरातलं नाही. धाकटीच्या कचऱ्याच्या डब्यातून काढलं. न विचारता, रोज दुपारी."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. तेवढ्यात धाकटी उठून उभी राहिली.

"काहीतरीच काय, वहिनी! त्यात कचरा असायचाच कुठे? डबा मी रोज घासून ठेवत होते. पहिल्याच दिवशी दाराच्या भिंगातून दिसलात ना मला."

थोरली आधी लाजेनं लाल झाली, मग रागानं. "मग हातात द्यायला काय झालं होतं तुला?"

"दिलं असतं तर घेतलं असतंत? तीस वर्षांत माझ्या दारी वाटीभर साखर मागायला आला नाहीत तुम्ही. सुई मोडली तरी उन्हात दुकानात गेलात. मी समोर असताना." शेवटचं वाक्य बोलताना धाकटीचा आवाज जरा कापला.

थोरलीनं खरंच विचार केला. "नसतं घेतलं," ती म्हणाली. सगळं जग तिला द्यायला चिकट म्हणत होतं. ती घ्यायलाही चिकट होती, हे एकट्या धाकटीला ठाऊक होतं, आणि तिनं ते कुणालाच सांगितलं नव्हतं. थोरलीला फार वाईट वाटलं.

"मग काकू, काय लिहू?" पोरगी अजून पेन धरून उभीच होती. "कपाटात पिशवी जाणारच आहे."

"लिही, साहित्य धाकट्या जावेनं दिलं." मग ती धाकटीकडे वळली. "त्या पडद्याची जोडी कुठाय गं?"

"खिडकीला आहे की."

"मला हवीय ती. दे."

"अहो वहिनी, पण मग समोरच्या इमारतीतल्या लोकांना आमचं सगळं घर..." दीर बोलायला लागला.

"तुम्ही गप्प बसा!" दोघी जावा एकदम म्हणाल्या.

आणि संध्याकाळी थोरली पहिल्यांदाच समोरच्या दाराची घंटा वाजवून, हात पुढे करून उभी राहिली.