उर्पोबुवांचा तहानलेला दगड

शनिवारी सकाळी अकरा वाजता गावच्या सभागृहामागे दोन्ही संडासांपुढे मिळून एकोणचाळीस माणसं उभी होती आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर साक्षात्कार झाल्याचं तेज होतं. कुणी या पायावरून त्या पायावर होत होतं, कुणी डोळे मिटून ओठ चावत होतं. एरवी बसथांब्यावरसुद्धा एकमेकांपासून दोन हात लांब उभे राहणारे हे फिनलंडचे लोक आज पुढच्याच्या पाठीला नाक लावून उभे होते. निवृत्त पोस्टमन आर्वो पँट वर खोचून सगळ्यांना आपला घोटा दाखवत होता. "हाड बघा, हाड! नऊ वर्षांनी दिसतंय."

हा सगळा प्रताप उर्पोबुवांचा. खरं नाव उर्पो हालिकास. बुवा उत्तरेकडून एका पांढऱ्या व्हॅनमधून आले होते आणि सोबत होता पाटाएवढा एक काळा दगड. सुजलेले पाय पाळीपाळीने त्या दगडावर ठेवायचे, बर्चच्या झाडाचा गार रस प्यायचा आणि अर्धा तास प्रवचन ऐकायचं. आधी आणि नंतर बटाट्याची पोती तोलायच्या काट्यावर वजन. दुपारपर्यंत किलो-दीड किलो गायब.

"पाण्याला पाण्याची ओढ असते," बुवा डोळे अर्धवट मिटून सांगत. "हा दगड हजारो वर्षं सरोवराच्या तळाशी होता. आता उघड्यावर आलाय, बिचाऱ्याला तहान लागलीय. तुमच्या पायांतलं पाणी तो ओढतो. मी कोण? मी नुसता त्याचा हमाल."

पाणी दगड ओढतो, तर मग माणसांना संडासाकडे का पळावं लागतं, हे कुणी विचारलं नाही. विचारायला जागेवर कुणी बसलेलंच नसायचं.

या गर्दीत सगळ्यांत खूश होता तो सभागृहाचा राखणदार ताउनो. दोन्ही संडास त्याने स्वतःच्या हातांनी बांधलेले, आतून निळा रंग, खिडकीला पडदा. इतकी वर्षं त्यांना कुणी विचारत नव्हतं, आणि आता शनिवारी रांगा. रांगेला शिस्त लावणं, काट्याजवळ उभं राहणं आणि स्वयंपाकघरात बुवांच्या कॅनमधला रस जगमध्ये भरून ग्लासांत ओतणं ही सगळी सेवा त्याच्याकडे होती.

आणि त्याची बायको व्हिएनो. तिचं हृदय अशक्त, पाय संध्याकाळपर्यंत लोडासारखे सुजायचे. डॉक्टरांनी लघवीची गोळी दिली होती, रोज सकाळी एक. व्हिएनोला त्या गोळीचा राग. गोळी घेतली की दुपारपर्यंत घराबाहेर पडायची सोय नाही. पण दगडावर तीन शनिवार पाय ठेवल्यावर तिचं वजन पाच किलो उतरलं. जुने लाल बूट पायांत गेले, तेव्हा तिने ताउनोला ओढून स्वयंपाकघरात टँगो नाचायला लावलं, आणि वेलचीच्या पावांचं तबक खाली पडलं तरी दोघं थांबले नाहीत. बुवांनी मोठ्या मनाने डॉक्टरची गोळीही चालू ठेवायला सांगितली होती, आणि घरी रोज एक ग्लास घ्यायला रसाची बाटली दिली होती.

पोटऱ्यांत गोळे येत होते, ते नाचण्यामुळे असं तिने ठरवलं. उठताना चक्कर यायची, ती उन्हाळ्यामुळे. बुधवारी दुपारी सॉनाच्या गरम वाफेतून घाम निथळत बाहेर आली आणि कपडे बदलायच्या खोलीतच कोसळली.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा कागद दोनदा वाचला. शरीरातलं पाणी आटलं होतं, रक्तातलं पोटॅशियम धोक्याच्या पातळीखाली गेलं होतं, मूत्रपिंडं दमली होती. अशाने हृदय एकाएकी थांबू शकतं, असं त्यांनी ताउनोला स्पष्ट सांगितलं. गोळ्या जास्त घेतल्या का, दुसरं काही घेतलं का, असं त्यांनी व्हिएनोला विचारलं. ती म्हणाली, रोज एकच गोळी, दुसरं काही नाही, बाकी सगळं दगडाने केलं.

ताउनो तडक औषधांच्या दुकानात इर्याकडे गेला. इर्या बोलायला फटकळ, पण गावातल्या प्रत्येकाची गोळी तिला तोंडपाठ. तिने त्याला खुर्चीत बसवलं.

"मला दोन गोष्टी सांग. दगडावर पाय ठेवूनही तुझ्या रांगेत कोण येत नाही?"

गावात या प्रश्नाचं उत्तर एकट्या ताउनोलाच देता आलं असतं. "बेकरीवाली हेल्गा," तो म्हणाला. "तिला रस आवडत नाही. गुपचूप कुंडीत ओतते."

"आणि दगडाला न शिवता कोण पळतं?"

ताउनोने दाराकडे पाहून कुणी ऐकत नाही ना याची खात्री केली. मग हळूच म्हणाला, "मी. उरलेला रस मी फेकत नाही गं. पितो."

इर्याने व्हिएनोची बाटली इस्पितळामार्फत तपासणीला पाठवली. कॅन गपचूप ओतून टाकू, असं ताउनो म्हणाला, पण इर्याला ते पटेना. नुसता तपासणीचा कागद दाखवला तर लोक कागदालाच खोटं ठरवतील, त्यांना त्यांच्या डोळ्यांनी दिसू दे, असं तिचं म्हणणं.

पुढच्या शनिवारी बुवांनी नेहमीसारखे कॅन स्वयंपाकघरात दिले. ताउनोने ते कपाटात बंद केले आणि आपल्या तळघरातला साधा बर्चचा रस ग्लासांत ओतला. दगड तोच, प्रवचन तेच. अर्धा तास झाला. लोक अपेक्षेने एकमेकांकडे बघू लागले. पाऊण तास झाला. आर्वो दोनदा उठला, विचार केला आणि खाली बसला. बुवांनी आवाज चढवला, दगडावर पाणी शिंपडलं, मग दगडाला खाजगीत काहीतरी सांगितलं. बाहेर दोन्ही निळे संडास रिकामे होते. शेवटी एक आजी उठल्या तेव्हा सभागृहात टाळ्याच पडल्या, पण त्यांनी सकाळपासून चार कप कॉफी प्यायल्याचं कबूल केलं.

"आज दगडाचं पोट भरलंय," बुवा घाम पुसत म्हणाले.

"पोट आम्ही बदललेलं नाही, रस बदललाय," इर्या मागून पुढे येत म्हणाली.

तिने अहवाल वाचून दाखवला. बाटलीतल्या रसात लघवी वाढवणारं जबरदस्त औषध होतं, डॉक्टर देतात त्याच जातीचं, मापाचा पत्ता नाही. इर्याने बोलावलेल्या पोलिसांनी व्हॅन उघडली तेव्हा कॉफी दळायच्या यंत्रात गोळ्यांची पांढरी पूड सापडली. दगड कुणाच्याही बांधावर मिळेल असा निघाला.

आर्वो हिरमुसून म्हणाला, "पण माझी सूज तर खरंच उतरली."

"उतरणारच. औषध खरं होतं, खोटा होता तो दगड," इर्या म्हणाली. "आणि खरं औषध होतं म्हणूनच व्हिएनो मरता मरता वाचली. ही गोळी चांगली आहे, आर्वो. सांगितली तेवढीच घ्यायची, दुसऱ्याची घ्यायची नाही, मनाने वाढवायची नाही आणि बंदही करायची नाही. रोज सकाळी वजन लिहायचं, वेळच्या वेळी रक्त तपासायचं. उलट्या-जुलाब लागले, चक्कर आली, पायांत गोळे आले, वजन भराभर चढलं किंवा उतरलं, तर लगेच फोन करायचा. सकाळी बाहेर जायचं असेल तर वेळ बदलता येते का तेही विचारा, आम्ही चावत नाही."

मग ज्यांनी ज्यांनी रस प्यायला होता त्या सगळ्यांना तिने तिथूनच रक्त तपासायला पिटाळलं.

संध्याकाळी ताउनो इस्पितळात गेला. व्हिएनोच्या हाताला सलाईन होतं, गालांवर जरा रंग आला होता. त्याने रिकाम्या संडासांची गोष्ट सांगितली तेव्हा ती इतकी हसली की नर्स आत डोकावून गेली. मग तिचं हसू ओसरलं, कारण ताउनो रडत होता.

"तो रस मी ओतला होता," तो म्हणाला. "तिन्ही शनिवार. तुझा ग्लास मी जरा जास्त भरायचो."

व्हिएनोने मोकळ्या हाताने त्याची बाही धरली. "आणि मी प्यायले. डॉक्टरीणबाईंनी विचारलं तर काही घेतलं नाही म्हणाले. ताउनो, यात काय आहे, एवढं आपल्या दोघांपैकी एकानेही विचारलं नाही रे."

हे विचारायला शिक्षण लागत नाही. ज्याच्याकडे खरं औषध आहे तो उत्तर देतो, आणि जो दगडाकडे बोट दाखवतो त्याचा ग्लास खाली ठेवावा. कारण तो ग्लास बहुतेक वेळा आपल्याच माणसाच्या हातून, प्रेमाने, काठोकाठ भरून येतो.