निळी भिंत

तळघरातली खोली आत्याची. तिथेच तिचं शिलाई मशीन, तिथेच तिची गादी आणि तिथेच ती ओलसर भिंत. वक्तृत्व स्पर्धेत पहिली आल्यापासून आत्या मला रेडिओ म्हणायची आणि मला जगात काहीही जमेल असं वाटत होतं, मग भिंत काय चीज! बाबांच्या मागे लागून चकचकीत निळा ऑइलपेंट आणवला आणि सुट्टीत अख्खी भिंत रंगवून काढली. रंगावर धूळ बसू नये म्हणून वरची छोटी खिडकीही गच्च लावून टाकली. भिंत आधी वाळू दे ग, असं आत्या म्हणाली होती. मी तिला सांगितलं, तू शिवणाचं बघ, भिंतीचं माझ्यावर सोड.

खोली अशी काही झळकली की बाबा येईल त्याला खाली नेऊन दाखवू लागले. मी शाळेत त्यावर भाषणही ठोकलं. बाईंना ते इतकं आवडलं की पालकसभेत फोटोसकट पुन्हा करायला सांगितलं.

आत्या मात्र हल्ली स्वयंपाकघरात झोपायची. खाली पाठ धरते म्हणायची. खोकला कसला, असं आईने विचारलं तर म्हणायची, कापडाचा भुगा जातो घशात.

काल मी फोटो काढायला खाली गेले, तर कपाट नेमकं भिंतीच्या मध्यावर आणून ठेवलेलं. फोटोत आडवं येत होतं म्हणून ढकललं. मागे रंगाला तळहाताएवढे फुगे आले होते. एक दाबला, तो फुटला आणि पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. रंगाखाली काळी बुरशी पसरली होती. कपाटातल्या नव्या फ्रॉकांनाही तोच कुबट वास.

मागून आत्या म्हणाली, "उजवीकडून काढ ना फोटो. तिकडे अजून चांगलं आहे."

"आत्या, मला सांगितलं का नाहीस?"

"इतकी खुशीत होतीस." तिला खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर म्हणाली, "आमचा रेडिओ बंद करायचं जिवावर आलं."

माझ्या टाळ्यांपायी ही बाई महिनाभर हे छातीत भरून घेत होती. मी स्टुलावर चढून खिडकी उघडली. बाबांना बोलावलं, सगळं दाखवलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं आत्याकडे पाहिलं आणि पंखा बसवायला खिडकीचं माप घेतलं. आत्याचं मशीन आम्ही माझ्या खोलीत नेलं.

आज सकाळपासून मी पत्र्याच्या पट्टीने रंग खरवडतेय. सगळा निघाला की भिंत उघडीच ठेवायची, पूर्ण वाळेपर्यंत. पालकसभेत काय बोलायचं ते अजून सुचलेलं नाही.

मघाशी आत्याने मला दारापाशी बोलावलं. उरलेल्या कापडाचा मास्क शिवून आणला होता. माझ्या कानांमागे नाड्या अडकवत म्हणाली, "तोंड बंद ठेव हं आता. जमेल ना?"

मी मान हलवली. तोंड उघडलं असतं तर रडूच आलं असतं.