नानाच्या चौदा लेकी

कोल्हारला नगर-मनमाड रस्त्याच्या कडेला मसाल्याचा एक कारखाना आहे. तो राधाकृष्ण नानाचा. पण नानासमोर असं म्हणायची सोय नव्हती. तो लगेच कानाला हात लावायचा. म्हणायचा, "माझा कसला? तुमचाच की. तुमी काय कामगार हाय का? तुमी तर माझ्या लेकी."

लेकी आम्ही चौदा जणी. मिरच्या निवडायच्या, भाजायच्या, दळलेला मसाला तोलून पाकिटात भरायचा. मी रतनबाई, सगळ्यांत जुनी आणि वयानं नानापेक्षाही मोठी, तरी मीसुद्धा लेकच. हजेरी मांडा म्हटलं तर नाना हसायचा, "घरच्या मान्सांची कुनी हजेरी घेतं का?" संध्याकाळी उशीर झाला तर, "बापाच्या घरी लेक घड्याळ बघती व्हय?" आठवड्याची सुट्टी मागितली की रविवारी गरम जिलबी आणायचा, आणि आम्ही मेल्या जिलबी खाऊन मिरच्या भाजत बसायचो. मला नानाचा राग यायचा त्याहून जास्त माझा स्वतःचा यायचा.

वजनकाट्यावर शमशाद बसायची. हसरी पोर, हात असा हलका की पाकिटात चिमूटभर कमी नाही की जास्त नाही. तिला पहिल्यांदाच दिवस गेले तेव्हा आम्ही सगळ्यांनी तिला आळीपाळीनं चिंचा पुरवल्या. पण पोट दिसायला लागलं तसं तिचं हसू कमी झालं. तिची आई कधीच वारलेली. नवरा इम्रान भाड्याचा टेम्पो चालवणार, एक दिवस भाडं मिळणार, दोन दिवस नाही. घर चालायचं ते शमशादच्या पगारावर. आणि आदल्या वर्षी आमच्याबरोबर मिरच्या निवडणारी संस्कृती बाळंत होऊन परत आली होती, तेव्हा तिच्या जागेवर दुसरीच बसलेली तिनं आपल्या डोळ्यांनी पाहिली होती.

तरी धीर करून ती नानाकडे गेली. रजा द्या, आणि परत आल्यावर काटा माझ्याकडेच ठेवा, एवढंच म्हणाली.

"अगं जा की," नाना म्हणाला. "लेकीला कुठं रजा लागती? आराम कर. पुढचं पुढं बघू."

नानाचं 'बघू' म्हणजे काय ते संस्कृतीला विचारा. शमशाद मिरचीच्या पोत्यामागं जाऊन रडली, आणि कुणी पाहिलं तर मिरची झोंबली म्हणाली. माझं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी तिला घेऊन मी एसटीनं नगर गाठलं आणि सरकारी कामगार कार्यालयात जाऊन बसले.

तिथं धनश्री मॅडम भेटल्या. वय लहान, पण बोलणं स्वच्छ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "काम कोण सांगतं? वेळ कोण ठरवतं? पगार कोण देतं?"

"नाना," आम्ही म्हणालो.

"मग तुम्ही कामगारच. कागद असो नसो. तो लेक म्हणो नाहीतर देवी म्हणो." मग त्यांनी समजावून सांगितलं. बाळंतपणाला सहा महिने भरपगारी रजा हा हक्क आहे, मेहेरबानी नाही. त्यासाठी कामावरून काढता येत नाही. परत आल्यावर तान्ह्याला पाजायला मधे दोनदा सुटीही मिळते. "तक्रार करायची असेल तर आत्ता लिहून घेते. तो म्हणेल, या माझ्याकडे कामालाच नाहीत. आपण शेजारपाजारच्यांच्या साक्षी काढू. थोडा वेळ लागेल, पण होईल."

शमशादनं पोटावर हात ठेवला. तिच्याकडे वेळच तर नव्हता.

"मॅडम," मी म्हणाले, "आठ दिवस थांबा. आधी आमच्या पद्धतीनं बघतो. न्हाई जमलं तर येतोच."

आमची पद्धत मला येताना राहुरीच्या स्टँडवर सुचली. एक बाई अनारशांचा डबा मांडीवर घेऊन गाडीत चढली. अधिक महिना चालू होता, धोंड्याचा. लेक-जावयाला घरी बोलवायचं, जावयाचे पाय धुवायचे, पुरणाचे धोंडे जेवू घालायचे, वर कपडे आणि चांदीची वस्तू द्यायची. मी शमशादच्या मांडीवर अशी थाप मारली की पुढच्या सीटवरचे आजोबा दचकले.

नानाची खरी लेक निकिता. तिचं लग्न उन्हाळ्यात झालेलं. रविवारी तिच्या नवऱ्याचा, करणचा, पहिला धोंडा होता. आम्ही बरोबर बाराच्या सुमाराला नानाच्या दारात उभ्या राहिलो. चौदा जणी, आणि ज्यांचे नवरे होते त्यांचे नवरे, धुतलेल्या कपड्यांत. आमच्या ह्यांनी तर लग्नानंतर पहिल्यांदाच मिशीला कलप लावला होता.

"हे काय?" नाना म्हणाला.

"धोंडा," मी म्हणाले. "लेकी आल्यात, जावई घेऊन."

नानाची बायको, आमची काकू, पदर तोंडाला लावून हसायला लागली. स्वयंपाकाचा भार काकूवर टाकण्याइतक्या आम्ही निर्दयी नव्हतो, पुरणाची पातेली बरोबरच नेली होती. पण पाय धुवायचं काम सासऱ्याचं. नाना तांब्या घेऊन बसला तेव्हा पहिले पाय पुढं आले ते आमच्या ह्यांचे, सासऱ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी थोरल्या जावयाचे.

"सासरेबुवा, टाचंला जरा चोळा," हे म्हणाले. करणला इतकं हसू फुटलं की तो पाटावरून उठून बाहेर गेला.

इम्रान शेवटच्या पाटावर लाजत बसला होता. गंधाचं ताट आलं तसं म्हणाला, "काकू, मला नुसतं पुरन द्या, लई आवडतं." काकूनं त्याच्या वाटीत तुपाची धार सोडली ती थांबवलीच नाही.

जेवणं झाली. नाना घाम पुसत म्हणाला, "झाली का हौस?"

"झाली," मी म्हणाले. "आता शमशादची पेटी कुठं ठिवायची?"

इम्राननं टेम्पोतून पत्र्याची पेटी आणून ओसरीवर ठेवली. नानाला काही कळेना.

"पहिलं बाळंतपन माहेरी असतं ना नाना? दवाखाना, डिंकाचे लाडू, शेक-शेगडी, बाळंतविडा, सगळं बापानं करायचं असतं. तिला आई न्हाई. बाप तुमी हायेतच."

मग एक तरणी पोर मागून म्हणाली, "नाना, पुढल्या साली माझा नंबर धरा." तिच्या पाठोपाठ दुसरी म्हणाली, "माझाबी." नानानं चौदा जणींवरून एकदा नजर फिरवली. तो हिशेबाचा पक्का माणूस. त्याच्या चेहऱ्यावर मला लाडवांचे डोंगर उभे राहताना दिसले. सहा महिन्यांची पगारी रजा त्यापुढं त्याला एकदम स्वस्त वाटली असणार.

"अगं बायांनो," तो कळवळून म्हणाला, "तुमी माझ्याकडं कामाला हाय. कामगार हाय तुमी माझ्या."

"मग तसं लिहून द्या," शमशाद म्हणाली. मी नाही, शमशाद. पोटाशी हात धरून, सगळ्यांदेखत, सरळ उभी राहून. "आमच्या चौदाजणींना. आन् माझी रजा त्यात घाला."

नाना माझ्याकडे बघायला लागला. आवाज उतरला होता त्याचा. "रतनबाई, मी तुमाला वाईट वागवलं का गं?"

मला त्याची कीव आली, खोटं कशाला बोलू. "न्हाई नाना. पर बापाची मर्जी फिरली की लेकीला बोलता येत न्हाई. आमाला बोलता यायला पायजे."

काकू मधेच म्हणाली, "कामगार असू दे न्हाईतर कुनी असू दे, शमशादचं डोहाळजेवन मी करनार. पेटी मातर घरी न्या." मग सगळेच हसले, आणि नानाही शेवटी हसला.

आठवड्याच्या आत चौदा नेमणूकपत्रं आली. हजेरी सुरू झाली. रविवार आमचा झाला, आणि पहिल्या रविवारी काय करावं ते न सुचल्यानं आम्ही सगळ्या प्रवरेच्या घाटावर जाऊन भेळ खात बसलो. धनश्री मॅडमला फोन केला तेव्हा त्या धोंड्याची गोष्ट ऐकून हसतच राहिल्या.

शमशादला मुलगी झाली, आयत. सहा महिने दर महिन्याला पगार घरी पोचला. मग एका सकाळी इम्रानचा टेम्पो कारखान्यापुढं थांबला. दुपारी पाजायला आणतो असं सांगून तो आयतला आपल्या आईकडे घेऊन गेला. नाना दारातच कुणा व्यापाऱ्याशी बोलत उभा होता. शमशाद त्याच्याकडे बघून हसली, पण थांबली नाही. येऊ का, माझी जागा आहे का, काही विचारलं नाही. चपला काढून सरळ आत आली, काट्याचं पारडं फडक्यानं पुसलं आणि कामाला बसली.